पंखाच्या टोकाचा पासंग

तेरखेडा म्हटले की लोकांना फटाके आठवतात. सोलापूर-धुळे महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातले आमचे गाव त्याच धंद्यासाठी ओळखले जाते. माझा धंदा मात्र वेगळा. मी वजनकाटे दुरुस्त करतो. आडत दुकानातला मोठा काटा, किराणा दुकानातला तराजू, सोनाराचा नाजूक काटा, असे सगळे हातून गेले आहेत. शिक्षण बारावीपर्यंत. विमानाचा नाद लहानपणापासूनचा, आणि पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तके आणून ती डिक्शनरी शेजारी ठेवून वाचण्याची सवय तिशीनंतरची. या लेखात जे सांगणार आहे ते त्या पुस्तकांमुळे समजले, असे म्हणायला मला आवडले असते. पण ते समजले एका काट्यामुळे.

माझा भाचा आणि त्याचा मित्र, दोघेही इंजिनिअर, शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन आसनी छोटे विमान बांधत आहेत. भरलेले वजन ६०० किलो, दोन्ही पंख मिळून लांबी ८ मीटर. पल्ला वाढावा म्हणून त्यांनी पंखांच्या दोन्ही टोकांना ४०-४० लिटरच्या फायबरच्या टाक्या लावायचे ठरवले. आकडे तपासायला माझ्याकडे दिले. मी पुढचा-मागचा समतोल तपासला, पंखाच्या मुळाशी येणारा ताण तपासला. दोन्ही ठीक होते. ताण तर उलट कमी होत होता. मी वहीवर "हरकत नाही" असे लिहून खाली सही केली.

दहा महिन्यांनी विमान वजनाला उभे राहिले. विमानाचे वजन तीन काट्यांवर करतात. पुढच्या चाकाखाली एक, मुख्य चाकांखाली एक-एक. काटे माझेच होते. रिकामे विमान ३५० किलो भरले: पुढे ७०, डावीकडे १४०, उजवीकडे १४०. सगळे खूश झाले. चहा झाला. मग गळती बघायची म्हणून पोरांनी डाव्या टोकाच्या टाकीत ४० लिटर पाणी भरले आणि मी सहज काट्यांकडे पाहिले. डावा काटा २४० दाखवत होता आणि उजवा ८०.

मी आधी काट्यालाच दोष दिला. पाणी भरले ४० किलो, डावीकडे वाढले १०० किलो, आणि ज्या बाजूला कोणी हातही लावला नव्हता तिथले ६० किलो कमी झाले. दोन्ही काटे काढले, प्रमाणित वजने ठेवून तपासले. काटे बरोबर होते. चूक माझ्या सहीत होती.

तराजूचा हिशेब

तराजूचा नियम शाळेत सगळे शिकतात. पारड्यात किती वजन आहे एवढ्याने भागत नाही, ते मधल्या टेकूपासून किती लांब आहे हेही पाहावे लागते. वजन गुणिले अंतर म्हणजे त्या वजनाची दांडी फिरवण्याची ताकद. शास्त्रात त्याला आघूर्ण म्हणतात. इथे आपण किलो गुणिले मीटर एवढाच हिशेब धरू आणि त्याला नुसते "एकक" म्हणू.

आमच्या विमानाच्या मुख्य चाकांमध्ये २ मीटर अंतर आहे, म्हणजे मध्यरेषेपासून प्रत्येक चाक १ मीटरवर. टोकाची टाकी मध्यरेषेपासून ४ मीटरवर. चाळीस किलो पाणी गुणिले ४ मीटर म्हणजे १६० एकके. चाके १ मीटरवर असल्याने दोन काट्यांमधला फरक बरोबर १६० किलो यायला हवा, आणि दोन्हींची बेरीज आधीच्या २८० मध्ये पाण्याचे ४० मिळवून ३२०. फरक १६० आणि बेरीज ३२०, म्हणजे २४० आणि ८०. काट्याने नेमके तेच सांगितले होते.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असते. विमानाचे पेट्रोल लिटरमागे साधारण ७२० ग्रॅम भरते. म्हणजे ४० लिटरची टाकी २९ किलोची. ती ४ मीटरवर असेल तर ११६ एकके. हीच टाकी पंखाच्या मुळाशी, मध्यरेषेपासून १ मीटरवर बसवली तर फक्त २९ एकके. आणि शेजारी-शेजारी आसने असलेल्या विमानात ८० किलोचा पायलट एकटाच बसला, मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटरवर, तर त्याची २४ एकके. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा मला घाम फुटला. एक भरलेली आणि एक रिकामी टोकटाकी म्हणजे एकाच बाजूला दाटीवाटीने बसलेले जवळजवळ पाच पायलट.

आमच्या धंद्यात दोन पारडी रिकामी असताना जो फरक राहतो त्याला पासंग म्हणतात. तो काढायला हलक्या पारड्याला शिसे, खडा असे काहीतरी बांधतात. विमानातही पासंग असतो. पण तिथला पासंग उड्डाणाबरोबर मिनिटामिनिटाला बदलतो, कारण पारड्यातले इंधन जळत असते.

छोट्या विमानांच्या वजन-समतोलाच्या तक्त्यात बहुधा पुढच्या-मागच्याच समतोलाचा हिशेब असतो. डाव्या-उजव्याचा नसतो. त्याचे कारण सरळ आहे. विमान डावीकडे-उजवीकडे सारखेच बांधलेले असते आणि टाक्या बहुधा मुळाजवळ असतात. जिथे गरज असते तिथे कारखाना मर्यादा ठरवून देतो. उदाहरणार्थ, सिरस एसआर-२२ या विमानाच्या दोन पंखांतल्या इंधनात १० गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे ३८ लिटरपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, असे त्याच्या पुस्तिकेत बजावले आहे. आणि त्या विमानाचे इंधन पंखाच्या आत असते, टोकाला टांगलेले नसते. घरी विमान बांधणाऱ्याला असा आकडा कोणी देत नाही. तो त्याने स्वतः काढायचा असतो. मी तो काढलाच नव्हता.

वेग कमी, पासंग जास्त

"मामा, एक पंख जड झाला तर स्टिक थोडी दुसरीकडे धरू की," भाचा म्हणाला. त्याचे म्हणणे चूक नव्हते. पंखांच्या मागच्या कडेला, टोकाजवळ, बिजागरीवर हलणाऱ्या दोन पट्ट्या असतात. त्यांना एलेरॉन म्हणतात. स्टिक उजवीकडे केली की उजवी पट्टी वर जाते, डावी खाली येते, डाव्या पंखाची उचल वाढते आणि विमान उजवीकडे कलते. डावा पंख जड असेल तर स्टिक कायम थोडी उजवीकडे धरायची, एवढेच.

प्रश्न आहे "थोडी" म्हणजे किती. एलेरॉनची ताकद हवेच्या वेगाच्या वर्गावर चालते. वेग निम्मा झाला की ताकद पाव होते. पेट्रोलच्या वजनाला वेगाशी देणेघेणे नाही. टोकाचे २९ किलो ताशी २०० किलोमीटरलाही २९ किलो आणि ताशी १०० किलोमीटरलाही २९ किलोच.

आमच्या विमानाचा हिशेब असा निघाला. ताशी २०० किलोमीटर वेगाला ११६ एककांचा पासंग सांभाळायला एलेरॉनची साधारण एक अष्टमांश ताकद लागते. स्टिक दोन बोटे बाजूला. पायलटला कदाचित कळणारही नाही. तेच विमान उतरताना ताशी १०० वर आले की चौपट लागते, म्हणजे निम्मी. पायलट एकटाच असेल आणि जड टाकीच्याच बाजूला बसला असेल, तर त्याची २४ एकके मिळवून ६० टक्के. ताशी ९० ला टाकीचाच वाटा ६२ टक्क्यांवर जातो.

उरलेल्या ताकदीत बाजूचा वारा आणि झुळुका सांभाळायच्या. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी धावपट्टीवर कशा झुळुका येतात हे धुळीच्या भोवऱ्यांकडे पाहिले तरी समजते.

याहून वाईट पुढे आहे. जड पंख वर धरायला त्या पंखाची पट्टी खाली करावी लागते. पट्टी खाली गेली की पंखाचा तेवढा भाग हवेला जास्त कोनात भिडतो. वेग आधीच कमी असेल तर तो कोन मर्यादेपलीकडे जातो, वरून जाणारी हवा पंखाला सोडून देते आणि उचल वाढण्याऐवजी कोसळते. याला स्टॉल म्हणतात. म्हणजे जड पंख सावरायला पायलट स्टिक आणखी दाबतो, आणि तोच पंख एकदम खाली जातो. विमान गिरकी घेऊ लागते. हे जमिनीपासून शे-दोनशे फुटांवर घडले तर सावरायला जागाच नसते.

म्हणून हा दोष फसवा आहे. वर, वेगात, सगळे गोड असते. बिल उतरताना येते.

मग टोकाला टाकी लावतातच कशाला?

वाचकाला वाटेल, एवढा धोका असेल तर ही कल्पना सुचलीच कोणाला? कल्पना वेडी नाही. सेसना ३१० या १९५० च्या दशकातल्या दोन इंजिनांच्या विमानात मुख्य टाक्याच टोकांना होत्या. पहिल्या लिअरजेट विमानांची ओळखच टोकाच्या लांबट टाक्या ही होती. भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनाही टोकांना टाक्या लावत, आणि गरज पडली तर त्या हवेत सोडून देता येत. घरबांधणीच्या विमानांत ऑस्ट्रेलियाच्या जॉन जोहान्सन यांचे नाव मोठे आहे. त्यांनी १९९५ मध्ये स्वतः बांधलेल्या आरव्ही-४ विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली. आरव्ही विमानांच्या टोकटाक्यांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

टोकाच्या टाकीचा मोठा फायदा समजायला कावड आठवावी. कावडीत भार दोन टोकांना आणि आधार मधे खांद्यावर. म्हणून बांबूची टोके खाली वाकतात. उडत्या विमानात हे उलटे असते. आधार, म्हणजे हवेची उचल, सगळ्या पंखभर पसरलेला आणि भार मधे, धडात. म्हणून पंखांची टोके वर वाकतात आणि सगळा ताण पंखाच्या मुळाशी, स्पार नावाच्या मुख्य तुळईवर येतो. आता टोकाला वजन टांगले तर ते टोकाला खाली ओढते आणि मुळाचा ताण हलका करते. आमच्या विमानात एका पंखाच्या मुळाशी सरळ उड्डाणात ५०० एककांच्या आसपास ताण येत होता. भरलेली टोकटाकी त्यातली ११६ एकके कमी करत होती. जवळपास एक चतुर्थांश. हाच आकडा पाहून मी भुललो.

हा फायदा हवेतला आहे. जमिनीवर पंखाला हवेचा आधार नसतो, आणि टोकाची टाकी नुसती खाली लोंबते. धक्क्याने उतरताना वजन तिप्पट जाणवले तर ११६ ची ३४८ एकके होतात, तीही उलट्या दिशेने. वर वाकण्यासाठी मजबूत केलेली तुळई खाली वाकायलाही तेवढीच मजबूत असते असे नाही.

याचा जगप्रसिद्ध दाखला १९८६ चा आहे. बर्ट रुटन यांनी आखलेले "व्हॉयेजर" हे विमान त्यांचे बंधू डिक रुटन आणि जीना यीगर यांनी १४ ते २३ डिसेंबर १९८६ या काळात, वाटेत कुठेही इंधन न भरता, पृथ्वीभोवती फिरवून आणले. निघताना विमानाच्या एकूण वजनातले जवळजवळ तीन चतुर्थांश वजन इंधनाचे होते. लांब, लवचीक पंख भरलेल्या इंधनाने इतके खाली वाकले की धावताना दोन्ही टोके कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळाच्या धावपट्टीवर घासत गेली. टोकांवरची उभी पाती उड्डाणानंतर तुटून पडली. ते उडत राहिले हे त्यांचे कौशल्य आणि नशीब. पुढचे नऊ दिवस कोणत्या टाकीतून किती इंधन काढायचे याची वही ठेवणे हे विमान चालवण्याइतकेच मोठे काम होते.

एक टाकी भरलेली, दुसरी रिकामी: हे घडते कसे?

दोन्ही टाक्या सारख्या रिकाम्या झाल्या तर काही प्रश्नच नाही. पण त्या सारख्या रिकाम्या होत नाहीत. कारणे अगदी घरगुती आहेत.

पहिले कारण हवेची नळी. टाकीतून इंधन बाहेर जायचे तर तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी बारीक नळी बाहेर काढलेली असते, तिला व्हेंट म्हणतात. आपल्याकडे शेडमध्ये ठेवलेल्या कोणत्याही नळीत कुंभारमाशी मातीचे घर बांधते. पावसाळ्यानंतर तर हमखास. एका बाजूची नळी बुजली की त्या टाकीतून इंधन येणे थांबते आणि इंजिन बिनबोभाट दुसऱ्या टाकीवर चालत राहते. आमचे इंजिन तासाला २० लिटर पिते. म्हणजे दोन तासांत उजवी टाकी रिकामी, डावी भरलेली, आणि ११६ एककांचा पासंग तयार.

दुसरे कारण म्हणजे दोन नळ्यांवर हवेचा दाब सारखा नसणे. विमान जरासे तिरके उडत असले तरी एका नळीवर वारा जास्त भरतो आणि त्या बाजूची टाकी लवकर रिकामी होते. सेसना १७२ सारख्या साध्या, जगभर शिकवणीला वापरल्या जाणाऱ्या विमानातही दोन्ही टाक्या एकदम चालू ठेवल्या तर त्या असमान उतरतात, हे तिथल्या पायलटांना पाठ असते.

तिसरे कारण उतार. पंख मुळापासून टोकाकडे किंचित वर चढत जातात. हा चढ ५ अंशांचा असेल तर ४ मीटरवरचे टोक मुळापेक्षा सुमारे ३५ सेंटिमीटर उंच असते. तेवढ्या उतारावर इंधन आपोआप खाली येते. पण विमान ५ अंश एका बाजूला घसरत उडाले तर एका पंखाचा उतार संपलाच. दोन टोकटाक्या एकाच नळीने उघड्या जोडल्या तर हे अधिक वाईट. जड बाजू खाली जाते, खाली गेली म्हणून तिकडे आणखी इंधन वाहते, आणि पासंग स्वतःच वाढत जातो.

चौथे कारण माणूस. टाकी बदलण्याची कळ फिरवायची राहून जाते. पासंग हळूहळू वाढतो तसा पायलटचा हातही नकळत सरकत जातो.

उशिरा वळते, उशिरा थांबते

दोन्ही टाक्या अगदी सारख्या भरलेल्या असल्या तरी एक गोष्ट उरते. ती कोणालाही घरी करून पाहता येईल. अडीच मीटरचा बांबू मधोमध दोरीने टांगावा. पाण्याच्या एक-एक लिटरच्या दोन बाटल्या आधी मधल्या दोरीपासून ३०-३० सेंटिमीटरवर बांधाव्यात आणि बांबू हाताने गोल फिरवून थांबवावा. मग त्याच बाटल्या १२०-१२० सेंटिमीटरवर, टोकांजवळ बांधून पुन्हा फिरवावा. वजन तेच, तोलही तोच. पण फिरवायला जोर लागतो आणि फिरू लागलेला बांबू थांबता थांबत नाही. अंतर चौपट झाले की फिरण्याचे हे जडत्व चौपट होत नाही, सोळापट होते.

आमच्या विमानात दोन्ही टाक्यांचे ५८ किलो मुळाजवळ, १ मीटरवर, ठेवले तर हा आकडा ५८ येतो. टोकांना ठेवले तर ९२८. म्हणजे झुळुकीने पंख पडला की तो सावरायला वेळ लागणार, आणि सावरताना तो पलीकडे जाणार. गिरकीत सापडलेले विमान बाहेर काढणे तर आणखी अवघड. म्हणून टोकटाक्या भरलेल्या असताना कसरती आणि गिरक्या टाळायच्या असतात.

फ्लटर हा वेगळा प्रकारही इथेच येतो. विशिष्ट वेगाला पंख एकाच वेळी वाकू आणि पिळू लागतो, आणि काही सेकंदांत तुटूही शकतो. टोकाचे वजन पंखाच्या पिळाच्या अक्षामागे बसले तर हा वेग खाली येतो, पुढे बसले तर सहसा मदत होते. टाकी अर्धी असताना, नाक वर असताना इंधन मागे जाते. म्हणून टाकीत आडव्या जाळीदार भिंती घालाव्या लागतात. आमच्या टाकीत त्या नव्हत्या.

काय करता येते

या सगळ्याचा अर्थ टोकाला टाकी लावूच नये असा नाही. ज्यांनी लावल्या त्यांनी हिशेब केला, आणि पुढील गोष्टी पाळल्या तर हिशेब बसतो.

मर्यादा आधी ठरवावी, टाकी नंतर. एक पूर्ण भरलेली आणि दुसरी पूर्ण रिकामी, पायलट एकटा आणि जड बाजूला, उतरण्याचा वेग, बाजूचा वारा: या सगळ्यांत मिळून एलेरॉनची निम्म्याहून जास्त ताकद खर्च होत असेल तर टाकी मोठी आहे, असे मी आता धरतो. हा माझा नियम आहे, कायद्याचा नाही.

टोकटाकीचे इंधन थेट इंजिनाला न देता मुळाजवळच्या मुख्य टाकीत उतरवावे, प्रत्येक बाजूचे त्याच बाजूला, थोडे-थोडे. मग टोकाकडून येणे बंद पडले तरी इंजिन बंद पडत नाही, आणि मुख्य टाकीचा काटा वर सरकत नाही म्हणून पायलटला लगेच कळते.

इंधन कोणत्या क्रमाने वापरायचे हा खरा पेच आहे. समतोलासाठी टोकाचे इंधन आधी संपवलेले बरे, म्हणजे उतरताना टोके रिकामी. पण तुळईच्या ताणासाठी टोकाचे शेवटपर्यंत राहिलेले बरे. टोकाच्या वजनाच्या भरवशावर विमान जास्त भरले असेल तर टोक आधी रिकामे करणे म्हणजे आधार काढून घेणे. म्हणून घरबांधणीवाल्याने सोपा मार्ग धरावा: टोकटाक्या रिकाम्या असतानाही तुळईला झेपेल एवढेच विमान भरावे. ताण कमी होतो तो फायदा वरकड समजावा, हिशेबात धरू नये.

हवेच्या नळ्यांना बारीक जाळी लावावी आणि दर उड्डाणाआधी त्या फुंकून पाहाव्यात. जमिनीवर दोन्ही टाक्यांतून एक-एक लिटर काढून किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून मोजावे. फरक दिसला तर तो जमिनीवरच शोधावा.

हवेत दर पंधरा-वीस मिनिटांनी, शांत हवेत, हात क्षणभर स्टिकवरून सैल सोडावा आणि कोणता पंख खाली जातो ते पाहावे. आम्ही काटा तपासताना आधी दांडी मोकळी सोडतो, तसेच हे.

आणि पासंग झालाच असेल तर तो खाली आल्यावर नव्हे, वरच शोधावा. भरपूर उंचीवर विमान उतरण्याच्या वेगापर्यंत हळूहळू आणून स्टिक किती शिल्लक आहे ते पाहावे. शिल्लक कमी असेल तर नेहमीपेक्षा जास्त वेगाने, लांब धावपट्टीवर, बाजूचा वारा नसेल तिथे उतरावे.

धुळ्याचा रस्ता

त्या संध्याकाळी मी भाच्याला सांगितले की टाक्या काढाव्या लागतील. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, तुम्हीच म्हणलात ना हरकत नाही म्हणून. दहा महिने घातले आम्ही." त्याच्या मित्राने वही आणली आणि माझी सही दाखवली. मी त्याच पानावर काट्यांचे आकडे लिहिले, आधीच्या सहीवर रेघ मारली आणि खाली आज चूक कळल्याचे तारखेसह लिहिले. आक्काला, म्हणजे त्याच्या आईला, हे कळले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तू सही केलीस म्हणून मी गप बसले होते." त्या वाक्याचे वजन कोणत्या काट्यावर करणार?

आमच्या गावातून जाणारा महामार्ग पुढे धुळ्याला पोचतो. मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांची गोष्ट मराठी वाचकांना माहीत आहे. त्यांचे विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या "मेक इन इंडिया" प्रदर्शनात लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या नावाने त्याची नोंदणी झाली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून त्याने चाचणी उड्डाण केले. प्रदर्शनापासून उड्डाणापर्यंत साडेचार वर्षे गेली. लोक हा काळ सरकारी दिरंगाईचा म्हणून सांगतात आणि त्यात तथ्य असेलही. पण त्या शेडमधल्या दिवसानंतर मला तपासणीच्या वेळेबद्दल वेगळे वाटू लागले आहे. घरी बांधलेल्या विमानाला मागे कारखाना नसतो, शेकडो विमानांचा अनुभव नसतो. दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या काट्यावर, पुन्हा तोलून पाहणे एवढाच त्याचा आधार. आमच्याकडे तो दुसरा माणूस मी होतो, आणि मी पुस्तकातला सोयीचा आकडा पाहून थांबलो.

पोरांनी टोके कापली. आता प्रत्येक पंखात मुळाजवळ, १ मीटरवर, ४० लिटरची टाकी आहे, आडव्या भिंतींसह. एक भरलेली आणि एक रिकामी असा सर्वांत वाईट प्रसंग आला तरी पासंग २९ एककांचा, एकट्या पायलटच्या बसण्याएवढा. पल्ला ठरवला होता तेवढाच राहिला. टोकाला टाकी लावून जे मिळणार होते त्यातले फारसे काही गेले नाही, हे कळायला आम्हाला दहा महिने लागले.

विमान अजून शेडमध्ये आहे. डीजीसीएची परवानगी मिळाल्याशिवाय चाके जमीन सोडणार नाहीत, हे दोघांनी आक्कासमोर कबूल केले आहे. गेल्या महिन्यात पुन्हा वजन केले. या वेळी मी टाक्या सगळ्या तऱ्हांनी भरायला लावल्या: दोन्ही भरलेल्या, दोन्ही रिकाम्या, एक-एक, अर्ध्या-अर्ध्या. प्रत्येक वेळचे तीन काट्यांचे आकडे वहीत लिहिले. भाच्याने ते स्वतः पुन्हा वाचून पडताळले, आणि मगच वही माझ्यापुढे सहीला ठेवली.